चुलतबहिणीचा दुसरा होकार

माझ्या चुलतबहिणीचा मला हेवा वाटतो. कालपरवापासून नाही, चांगली तेवीस वर्षं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकणारा मलाच वेड्यात काढेल. आमच्या नात्यात कुणालाही विचारा, तो सांगेल की नशिबानं मोठं माप माझ्या पदरात टाकलं. मला नवरा मिळाला सरकारी नोकरीतला अभियंता, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि गणित शिकवण्याची माझी स्वतःची नोकरी. तिला मिळाला बोलताना अडखळणारा नवरा, अंथरुणाला खिळलेली सासू आणि पत्र्याच्या शेडमध्ये शाळेचे गणवेश शिवणारी चार मशीनं. तरी जळते मी.

ती माझ्याहून दहा महिन्यांनी लहान. मैंदर्गीला आमची दोन घरं एकाच अंगणात होती. घरात कानडी, शाळेत मराठी आणि भांडताना जी भाषा आधी तोंडात येईल ती. ती मला अक्का म्हणायची, अजूनही म्हणते. एकदा बाजाराच्या दिवशी माझे वडील आम्हा दोघींना चपला घ्यायला घेऊन गेले. तिनं दुसराच जोड पायात घातला आणि "ह्योच" म्हणून मोकळी झाली. मी दुकानदाराला सगळी फळी खाली उतरवायला लावली. एवढं करून घेतलेला जोड घरी आल्यावर मला आवडेना. पुढच्या बाजारी बदलून आणला, तोही आवडला नाही. तिची चप्पल मात्र तिला चावली. टाचेला फोड आला. तिनं फोडाला चिंधी बांधली, चपलेला आतून तेल चोळलं आणि पंधरा दिवसांत ती चप्पल तिच्या पायासारखी झाली. वडील म्हणाले, "हिचं बरं हाय. ही चप्पल शोधत न्हाय, पायाची करून घेती." मला त्या वाक्याचा राग आलेला अजून आठवतो.

बारावीनंतर आम्ही दोघी सोलापुरात आत्याकडे राहिलो. मी बी.एस्सी. केलं, तिनं बी.कॉम. कसंबसं उरकलं. शिक्षण संपता संपता आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मुलगा मूळचा दुधनीचा. वडील नव्हते. आईला घेऊन सोलापुरात आला होता आणि अक्कलकोट रोडच्या अंगाला एका शेडमध्ये गणवेश शिवायचं काम करत होता. तो मला बघायला आला तेव्हा आत्यानं शिरा केला होता. त्यानं तो निम्मा खाल्ला, बशी खाली ठेवली आणि एकेक शब्द दगडाखालून ओढून काढावा तसं विचारलं, "तु-तुम्हाला काही... वि-विचारायचंय का?"

मी विचारलं, "तुम्ही कायम सोलापुरातच राहणार का?"

"हो," तो म्हणाला. हा एक शब्द त्याला अजिबात अडला नाही.

मी विचार करायला वेळ मागितला. नकार द्यावा असं त्याच्यात काही नव्हतं. माणूस सरळ होता, डोळे चांगले होते. पण आयुष्यभर त्या अडखळत्या बोलण्याच्या शेवटाची वाट बघायची? शर्टाच्या बाह्या शिवणाऱ्याची बायको म्हणवून घ्यायचं? दुसरीकडे भीतीही होती, की याला नाही म्हटलं आणि पुढं याहून बरं आलंच नाही तर? आणि हो म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात पुण्याचं एखादं आलं तर? आत्यानं विचारलं की मी म्हणायची, "बघू, थोडं थांब." असे चार महिने गेले. शेवटी त्याच्या आईनं आत्याला निरोप धाडला. "आमचा पोरगा बोलायला येळ लावतो म्हणं. तुमची पोरगी त्याच्याहून जास्त लावती की."

मग त्यांनी माझ्या बहिणीला मागणी घातली.

त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ती वर आली आणि बादलीतला टॉवेल पिळता पिळता तिनं विचारलं, "अक्का, तुला तो पायजे का नको?"

"मी अजून ठरवलं नाही."

"मग ठरव. आत्ता. तू नको म्हणलीस तर मी व्हय म्हणणार हाय."

मी दोरीवर चिमटे लावत राहिले. नको म्हणायला जीभ वळेना, हवा म्हणायलाही वळेना. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले.

"तुज्या तोंडातनं नको सुदा निघंना," ती म्हणाली, रिकामी बादली उचलून खाली गेली आणि त्याच संध्याकाळी तिनं होकार दिला.

त्यांच्या लग्नात हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं जेवण होतं. मी ताट घेऊन उभी होते आणि ती दोघं समोर बसली होती. तो तिला काहीतरी सांगायला गेला आणि एका शब्दावर अडला. मला तो शब्द लांबून ओठांवरून कळला होता, तिलाही कळला असणार. पण तिनं तो पुरा केला नाही. त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. शब्द आला, वाक्य संपलं, आणि दोघंही हसली. माझ्या ताटातली हुग्गी एकदम पिठासारखी लागायला लागली. मनात आलं, हा माणूस मला बघायला आला होता.

माझं लग्न त्यानंतर दीड वर्षानं झालं. त्या स्थळालाही मी बरेच महिने लटकवलं होतं, पण माझे वडील आता ऐकण्यातले नव्हते. नवऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, हेच माझ्या तक्रारीचं मोठं दुखणं होतं. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, स्वतःचा चहा स्वतः करणारा, आवाज न चढवणारा माणूस. मी त्याच्याशी संसार केला, मुलगा वाढवला, पण सगळं कसं तात्पुरतं. सोलापूर तात्पुरतं, कारण पुण्याला जायचं होतं. पुण्याला बदलीची संधी दोनदा आली तेव्हा मी "बघू" म्हटलं, कारण पुण्यात तरी काय ठेवलंय असं तेव्हा वाटायला लागलं. शाळेतली कायम होऊ घातलेली नोकरी मी स्पर्धा परीक्षेसाठी सोडली, ती परीक्षा कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी सोडली, आणि कोर्स अर्धा टाकून एका खाजगी कॉलेजात तासांवर शिकवायला लागले. तिथं आज सोळावं वर्ष आहे आणि अजून कुणी विचारलं तर मी सांगते, "सध्या तिथं आहे." फ्लॅट घेतला तेव्हा भिंतींना बिल्डरनं दिलेला पांढरा रंग होता. कुठला रंग द्यायचा हे ठरेना म्हणून तो तसाच राहिला आणि काही वर्षांनी पिवळट पडला. नात्यातलं कुणी आलं की मी म्हणायची, "अजून सगळं करायचंय."

आणि तिकडे ती. तिच्या घरी मी महिन्यातून एकदा तरी जायची, जखमेची खपली काढायला जावं तशी. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई असो की बाप्या, सगळ्यांची तारांबळ. आमच्याकडे त्या दिवशी मी नवऱ्यावर आणि महापालिकेवर आळीपाळीनं चिडलेली असते. एकदा मी तिच्याकडे नेमकी पाण्याच्या दिवशी गेले. तो वर टाकीत पाइप धरून उभा, ही खाली मोटर चालू-बंद करायला, दोन्ही पोरी पिंप आणि घागरी भरायला. तो वरून ओरडला, "ब-ब-ब..." आणि अडकला. टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहायला लागलं. "बंद" हा शब्द शेंबड्या पोराला कळला असता. ही बटणावर हात ठेवून वर बघत उभी. शेवटी "बंद!" आल्यावर तिनं बटण दाबलं, आणि चिंब भिजलेला तो आणि ती असे हसत सुटले की पोरींनी घागरी खाली ठेवल्या.

मी म्हटलं, "अगं, किती पाणी वाया गेलं. कळलं होतं ना तुला?"

"त्यांचं बोलणं त्यांनीच संपवायचं असतंय की, अक्का," ती म्हणाली.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की तिच्याकडे पाण्याची कशी नासाडी चालते. आत्याला फोनवर सांगितलं की तिच्या घरात सासूच्या औषधांचा वास भरलेला असतो. तो वास खरा होता, पण मी तो कशासाठी सांगत होते हेही मला माहीत होतं. सासू गेली तेव्हा ती जितकी रडली, तितकं माझ्या सासूसाठी मला रडता आलं नव्हतं. मी त्याचाही हेवा केला. चार मशीनांची बावीस झाली. त्याचा मला फार त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो तिच्या चेहऱ्याचा. जे समोर आहे त्याच्याकडेच बघणारा तो चेहरा. माझे डोळे नेहमी समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे काहीतरी शोधत असतात, असं माझा मुलगाच एकदा म्हणाला होता.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांच्यावर संकट आलं. गावाबाहेरच्या एका शाळेला त्यांनी पांढरे शर्ट शिवून दिले होते, कॉलर आणि खिसा मरून रंगाचा. पहिल्याच धुण्यात मरून कापडाचा रंग सुटला आणि शर्ट गुलाबी झाले. पालकांनी शाळेत गोंधळ घातला, शाळेनं सगळा माल परत पाठवला. साडेतीनशे शर्ट. आत्यानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी "अरे देवा" म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी धपाटे केले, दह्याचा डबा भरला आणि रविवारी सकाळी तिचं सांत्वन करायला निघाले. मला तिचा पडलेला चेहरा बघायचा होता.

शेडमध्ये शिरले तर दहा-बारा बाया खाली सतरंजीवर बसल्या होत्या, मध्ये गुलाबी शर्टांचा ढीग. सगळ्यांच्या हातात टाके उसवायच्या सुया. कॉलरी आणि खिसे निघत होते. कोपऱ्यात स्टोव्हवर एक पातेलं उकळत होतं आणि तो, तिचा नवरा, त्यात नव्या मरून कापडाच्या चिंध्या घालून चमच्यानं ढवळत होता. आता कुठल्या कापडाचा रंग टिकतो ते तपासल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं ठरलं होतं. एक बाई म्हणाली, "मालक, रस्सा झाला का? मीठ बघा." सगळ्या हसल्या. माझी बहीणही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला पाहून म्हणाली, "बरं झालं आलीस. हात धू आन बस. ह्यो ढीग तुजा."

मी बसले. तीन तास खिसे उसवत बसले, आणि सबंध वेळ मनात एकच होतं. हिचं बुडतंय तेव्हासुद्धा ही माझ्याहून सुखात कशी?

दुपारी बाया जेवायला गेल्या. तो कापडाच्या दुकानाकडे गेला. आम्ही दोघी शेडबाहेर कडुलिंबाखाली जुन्या बाकावर बसून धपाटे खात होतो. तेव्हा मी विचारलं. काळजीनं नाही, टोचायला विचारलं. "खरं सांग, तुला कधी वाटलं नाही, की आपण घाई केली? पस्तावा नाही झाला?"

"झाला की," ती म्हणाली. "लई झाला. पैल्या वर्षी तर रोज."

मी हातातला धपाटा खाली ठेवला.

"तुला कुणी सांगितलं न्हाय, अक्का, मीच सांगू दिलं न्हाय. मी निघून गेलते. सासूचं सगळं अंथरुणात. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मशीनला हात लावता यायचा न्हाय. ह्ये जेवताना एक वाक्य बोलायचे, आन त्ये वाक्य संपस्तोवर माजं जेवण संपायचं. एक दिवस पिशवी भरली, अक्कलकोटची यष्टी धरली, तितनं मैंदर्गी."

"पण तू तर कायम हसत असायचीस. मी यायची तेव्हा..."

"तुज्यासमोर मुद्दाम हसायचे."

"मुद्दाम?"

"मग काय! मी व्हय का म्हणलं तुला काय म्हायती? तो आदी तुला बघायला आलता म्हणून. ल्हानपणापास्नं समदं आदी तुला. मार्क तुला, कौतुक तुला, स्थळ बी आदी तुला. म्हणलं, जे ही चार म्हैने नुसतं हातात धरून बसलीया, त्ये मी एका सांजंत घेऊन दावते. जळत होते मी तुज्यावर."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, जणू कुणा तिसऱ्याच बाईची गोष्ट आहे. तेवीस वर्षं मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळून त्या मांडवात उभी राहिली होती.

"मग परत कशी आलीस?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी ह्ये आले. अंगणात उभे ऱ्हायले. आमचे अप्पा म्हणले, न्यायला आलाय न्हवं? तर ह्यांनी मान हलिवली. न्हाय म्हणून. मग बोलायला लागले. 'रा-राहायचं तर राहा. यायचं तर ये. पण...' आन तितं अडकले. अप्पांनी दोनदा त्यांचं वाक्य पुरं कराय बघितलं, ह्यांनी दोनदा हात वर केला. समदी बघत होती. घाम आलता त्यांना. शेवटाला म्हणले, 'पण एकदाच सांग.' बास. एवडंच."

तिनं डब्यातलं दही बोटानं चाटलं.

"मला रडू न्हाय आलं. लाज वाटली. म्हणलं, ह्या माणसाला आपण अजून घेतलंच न्हाय. नुसतं अक्काच्या हातनं हिसकून घेतलंय. मग तितंच सांगितलं, येते म्हणून. पैला होकार तुज्यावर जळून दिलता. ह्यो दुसरा माजा."

"आणि मग सगळं बरं झालं?"

"कुटलं बरं! आल्यावर बी मन लागंना. म्हणलं, मन लागत न्हाय तर हात तरी लावावा. मशीनवर बसले. आदी काज-बटन, मग कटिंग. सासूचं करताना तिच्याशी कानडीत गप्पा माराय लागले, ती दुधनीच्या गोष्टी सांगायची. हात लागला, आन मागनं मन आलं. लई दिवसांनी आलं, पर आलं."

"आणि आता कधीच वाटत नाही? की दुसरं काही असतं तर?"

"वाटतं की. मानूस हाय. पर वाटलं की मी मोजत बसत न्हाय. साकु." साकु म्हणजे पुरे. आमच्या लहानपणी ताटात जास्त वाढायला लागलं की आम्ही दोघी हात आडवा धरून हेच म्हणायचो.

कुणी म्हणेल की हे ऐकून माझा हेवा विरघळला असेल. नाही विरघळला. रिक्षात बसून घरी येताना तो वाढलाच. आतापर्यंत मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा, तिला आयतं समाधान मिळालंय. स्वभावाचा हेवा करण्यात एक सोय असते, आपल्याला काही करावं लागत नाही. आता कळलं होतं की तिलाही ते आयतं मिळालं नव्हतं. तीही पळाली होती, तिनंही मोजमाप केलं होतं. म्हणजे तिला जमलं ते मलाही जमण्यासारखं होतं, आणि मी केलं नव्हतं. हे फार झोंबलं.

घरी आले तर नवरा टेबलावर मेथी निवडत बसला होता. मी चप्पलसुद्धा न काढता त्याला विचारलं, "अहो, तुम्हाला कधी माझा पस्तावा झाला?"

त्यानं एक देठ मोडला. "एकदा ठरवलं ते ठरवलं. नंतर तो विषय मी काढला नाही," तो म्हणाला. मग राग वगैरे काही न आणता म्हणाला, "तुझं मात्र मला कधी कधी वाटतं, की तू अजून मला बघायलाच आली आहेस. चहाचा कप हातात आहे, आणि आता उठून म्हणणार, 'कळवते.'"

एवढं बोलून त्यानं मेथी धुवायला नेली. मी तिथंच बसले. बावीस वर्षं हा माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता आणि मला वाटत होतं वाट मी बघतेय.

त्याला उत्तर द्यायची वेळ फेब्रुवारीत आली. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिल्यामुळे त्याला कुठं राहायचं ते कळवायला कार्यालयानं सांगितलं होतं. पुणे मागितलं असतं तर मिळण्यासारखं होतं. मुलगाही पुण्यात शिकत होता. नवऱ्यानं अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय लिहू? का बघूया अजून?"

माझ्या ओठांवर "बघूया" आलंच होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "सोलापूर लिहा."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नंतर बदलता येणार नाही."

"माहितीय. लिहा. आणि पेननं लिहा, पेन्सिलीनं नको."

त्यानं लिहिलं. मला काही मुक्त वगैरे वाटलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी आजारी पडल्यासारखी होते. कॉलेजच्या मधल्या सुट्टीत फोनवर पुण्यातले फ्लॅट बघायची आणि कोथरूडच्या कुणाच्या तरी बाल्कनीवर जीव टाकायची. एक दिवस वर्गात एका मुलीनं गणितात दोन वेळा उत्तर खोडून तिसऱ्यांदा पहिलंच लिहिलेलं पाहिलं. तिला मी रागावले आणि रागावता रागावता माझाच मला राग आला. बाहेर येऊन फोनमधलं ते फ्लॅट बघायचं ॲप काढून टाकलं. त्याच आठवड्यात रंगाऱ्याला बोलावलं.

रंगाच्या पुस्तिकेतून मी एक पिवळा निवडला. नाही म्हटलं तरी दोन दिवस घेतले, एकदम सुधारणा कुणाची होत नाही. भिंतीवर लागला तेव्हा तो पुस्तिकेतल्यापेक्षा कितीतरी गडद निघाला. हळद सांडावी तसा. रंगारी म्हणाला, "म्याडम, आवडला नसंल तर एक हात फिकट मारतो. आत्ता सांगा, नंतर अवगड जाईल." मी पुस्तिका पुन्हा उघडली आणि मिटली. नवरा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता, मध्ये न बोलता.

"राहू दे," मी म्हटलं.

महिनाभर मला तो रंग बघवत नव्हता. मग कॉलेजातली एक गोष्ट झाली. तिथल्या प्राचार्यांनी विचारलं, की बारावीच्या कच्च्या मुलींचा गणिताचा वर्ग सबंध वर्ष घ्याल का? मध्ये सोडता येणार नाही. मी त्याच बैठकीत हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात कठडा धरून उभी राहिले, इतकी भीती वाटली. आता त्या सतरा मुली आहेत. त्यातल्या निम्म्यांना अजून अपूर्णांक येत नाहीत. रोज पाच वाजता मी दमून घरी येते आणि दार उघडलं की त्या हळदी भिंती अंगावर येतात. त्या मला आवडतात असं अजून म्हणवत नाही. पण त्या दिसल्या की घरी आल्यासारखं वाटतं. पांढऱ्यात तसं कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्यात एका रविवारी माझी बहीण आमच्याकडे जेवायला आली. नवरा तिचा कामात होता म्हणून एकटीच आली. दारातच थांबून तिनं भिंतींकडे पाहिलं. "लई भडक झालाय की, अक्का!"

"असू दे," मी म्हटलं, जरा फटकळच. "मला असाच पाहिजे होता."

"बरं बाई," ती म्हणाली आणि माझ्या नवऱ्याकडे वळली. "दाजी, तुमी काय बोलला न्हाय?"

"मला विचारलं नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जी खुशी होती ती मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

जेवणं झाली. शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, तिनं तीन खाल्ल्या. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. "जरा पाठ टेकते," म्हणून ती सोफ्यावर आडवी झाली, पदर डोळ्यांवर घेतला आणि बघता बघता झोपली. तोंड किंचित उघडं, हात खाली लोंबकळत. उशी नाही, अंगावर काही नाही, टेबलपंख्याचा खडखडाट चालू. मला माझ्या स्वतःच्या पलंगावर दुपारी डोळा लागायला तासभर लागतो.

मी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. नवरा पाणी प्यायला आत आला, माझा चेहरा बघून हलक्या आवाजात म्हणाला, "आता काय झालं?"

"बघा ना कशी झोपलीये," मी म्हटलं. "मला नाही कधी अशी झोप येत."

तो हसला, तिच्या दिशेनं पंखा जरा वळवला आणि माझ्यासाठीही एक ग्लास पाणी घेऊन आला.